क्रीमखालचा केक

मुंबईत चांगला ब्रून पाव कुठे मिळतो यावर दोन मुंबईकर तासभर वाद घालू शकतात. वडापावावरची भांडणं तर पिढीजात. पण चांगला कपकेक कुठे मिळतो असं विचारलं, की समोरचा जरा थांबतो आणि दुकानाचं नाव सांगायच्या ऐवजी एखाद्या ओळखीच्या बाईंचा नंबर देतो. "वहिनीची मैत्रीण करते, मुलुंडला. पण आदल्या दिवशी सांगावं लागतं हं." फक्त कपकेक विकून नावारूपाला आलेलं आणि वर्षानुवर्षं टिकलेलं दुकान या शहरात चटकन आठवत नाही. तरीही वाढदिवस, डोहाळजेवण, ऑफिसातला निरोपसमारंभ, कुठेही जा, कपकेक हजर असतो. दुकान नाही आणि माल मात्र घरोघर, हे कसं झालं?

फॅशन आली न्यूयॉर्कहून. लहान कपांत केक भाजण्याची कृती अमेलिया सिमन्सच्या १७९६ सालच्या पाकपुस्तकात आहे, म्हणजे पदार्थ जुनाच. त्याच्यामागे जग लागलं ते मात्र ब्लीकर स्ट्रीटवरच्या मॅग्नोलिया बेकरीमुळे. १९९६ मध्ये उघडलेल्या या छोट्याशा दुकानाचा कपकेक 'सेक्स अँड द सिटी' मालिकेच्या नायिकेनं २००० साली पडद्यावर खाल्ला आणि त्या फुटपाथवर पर्यटकांच्या रांगा लागल्या. मग साखळ्या निघाल्या. त्यातली क्रम्ब्ज २००३ मध्ये सुरू झाली, २०११ मध्ये थेट नॅसडॅकवर पोचली आणि जुलै २०१४ मध्ये तिनं एकजात सगळी दुकानं बंद केली. नुसत्या कपकेकवर मोक्याच्या जागेचं भाडं निघत नाही हे तिकडे कळून चुकलं, तोवर इकडे कुलाबा-वांद्र्यात कपकेक नुकता कुठे रुळायला लागला होता.

खरं तर कागदात भाजलेला छोटा केक मुंबईला नवा नव्हताच. शंभरेक वर्षं तो इथे चहाबरोबर खाल्ला जातोय. त्याचं नाव मावा केक.

इराणातल्या याझ्द आणि केरमान भागातून आलेल्या इराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकानं थाटली. धोबीतलावच्या जेर महालातलं कयानी १९०४चं, जवळचंच ससानियन १९१३चं आणि ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचं बी. मेरवान १९१४चं. मावा केकची कीर्ती सगळ्यात जास्त मेरवानची. पहाटेच दार उघडायचं, ट्रे बाहेर यायचे आणि सकाळ सरायच्या आत रिकामे व्हायचे. रात्रपाळी संपवून घरी निघालेला, पहिली गाडी पकडायला आलेला आणि खास केकसाठी गिरगावातून चालत आलेला, असे सगळे एकाच संगमरवरी टेबलावर. २०१४ मध्ये हे दुकान कायमचं बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा लोकांनी 'शेवटचा' मावा केक खायला रांगा लावल्या. प्रत्यक्षात डागडुजी होऊन ते पुन्हा उघडलं. एखाद्या केकसाठी मुंबईकर इतका हळवा झाल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड आहे.

हा केक नीट पाहण्यासारखा असतो. नागमोडी कडेच्या साच्यात पातळ कागद, वरून मधोमध जरासा फुगलेला आणि चिरलेला घुमट, रंग फिकट तपकिरी, कडेला थोडा गडद. ताज्या केकचा कागद तुपकट होऊन अर्धपारदर्शक झालेला असतो. तो सोलताना केकचा एक थर कागदालाच चिकटून येतो आणि तो थर दातांनी खरवडून खाणं हा या खाण्याचाच भाग आहे. तिथे संकोच करणारा माणूस बाहेरगावचा समजावा. घास तोंडात गेल्यावर आधी वेलची लागते, मग खरपूस दूध. शेवटी जिभेवर किंचित रवाळपणा राहतो, तो माव्याचा.

वर क्रीम नसताना हा केक कोरडा का लागत नाही, याचं उत्तर माव्यातच आहे. दूध आटून झालेल्या माव्यात स्निग्धांश असतो, दुधाची प्रथिनं असतात आणि दुधातली साखरही असते. स्निग्धांश मैद्याच्या कणांवर बसतो, त्यामुळे ग्लुटेनची जाळी फार ताणली जात नाही आणि केक भुसभुशीत होतो. प्रथिनं आणि साखर भट्टीच्या आचेवर एकत्र आली की तो भाजलेला, कॅरमलच्या जवळ जाणारा वास सुटतो. थोडक्यात, परदेशी कपकेकमध्ये जे काम वरची क्रीम करते ते इथे पिठातच उरकलेलं असतं. मावा महाग असल्यामुळे लबाडीही तिथेच होते. मावा कमी करून वनस्पती तूप आणि वेलचीचा इसेन्स घातलेला केक दिसायला हुबेहूब तसाच असतो. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन: खरा मावा केक आकाराच्या मानानं हाताला जड लागतो. आणि संध्याकाळचा मावा केक, कितीही नावाजलेल्या दुकानाचा असला तरी, सकाळच्या केकची बरोबरी करत नाही.

वांद्रे-भायखळ्याची परंपरा वेगळी. १९०८ साली सुरू झालेली अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी, हिल रोडवरची हर्ष बेकरी, ही गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीच्या आसऱ्यानं वाढलेली दुकानं. इथला मान फ्रूट केकला, पफला, पावाला. छोटे केक असतात, पण मानकरी ते नव्हेत. मध्यमवर्गीय मराठी घरात 'केक' ही वस्तू रुळवली ती मात्र मॉन्जिनीजच्या फ्रँचायझी दुकानांनी. इटालियन नावाची, मूळ फोर्टातली आणि पुढे खोराकीवाला कुटुंबाकडे आलेली ही कंपनी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी मुंबईकरांच्या बालपणीच्या फोटोंत जो गुलाबी फुलांचा केक दिसतो, तो तिथला. त्या गुलाबी फुलांमुळे एक पक्की समजूत रुजली, की केक म्हणजे क्रीम आणि जेवढी क्रीम जास्त तेवढा केक भारी. कपकेकला पुढे हीच समजूत नडली.

२००४ मध्ये कुलाबा कॉजवेवर मेसमन कुटुंबानं थिओब्रोमा उघडलं. ओबेरॉय हॉटेलांत तयार झालेल्या कायनाझ मेसमन यांना पाठीच्या दुखण्यामुळे हॉटेलातलं काम सोडावं लागलं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून हे दुकान काढलं. २०१० मध्ये पॅरिसच्या ल कॉर्दाँ ब्लूमध्ये शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी ल फिफ्टीन सुरू केलं. मुंबईच्या गोड खाण्यावर या दोन नावांचा ठसा मोठा आहे. कपकेक दोघींकडेही झाले. पण थिओब्रोमा म्हटलं की लोकांना ब्राउनी आठवते आणि ल फिफ्टीन म्हटलं की मॅकरोन. शहरातल्या सर्वांत हुशार बेकर्सच्या हातात कपकेक होता आणि तरीही ग्राहकानं त्यांच्याकडून दुसरंच काही उचललं, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

ब्राउनीला काय लागतं? एक चौकोनी डबा. ती सपाट असते, एकावर एक रचता येते, उन्हात वितळली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, चार दिवस टिकते. कपकेकच्या डोक्यावर मात्र क्रीमची पगडी असते आणि ती मुंबईच्या हवेत सांभाळायची म्हणजे सत्त्वपरीक्षा. लोणी साधारण वीस अंशांनाच मऊ पडतं आणि पस्तिशीच्या आसपास हातपाय गाळतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घाटकोपरहून चेंबूरला रिक्षानं जाणारा बटरक्रीमचा कपकेक पोचेपर्यंत एका बाजूला झुकलेला असतो. फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढावा, तर दमट हवेतलं पाणी त्याच्यावर दवासारखं जमतं, रंग ओघळतात आणि खालचा केक गारठून घट्ट होतो. न्यूयॉर्कच्या हवेत जन्मलेला पदार्थ इथे आणताना ही अडचण कुणी फारशी मोजलेली दिसत नाही.

त्यावर बाजारानं काढलेला तोडगा म्हणजे नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम. पाम किंवा तत्सम वनस्पती तेलाची, आधीच गोड केलेली, खोक्यातून मिळणारी ही क्रीम दुप्पट-तिप्पट फुगते, नोझलमधून सुबक वळ्यांनी पडते, तासन्‌तास उभी राहते. फोटोत तिच्यासारखं देखणं काही नाही. खाल्ल्यावर मात्र टाळूला मेणचट थर बसतो आणि चहा घेतल्याशिवाय तो जात नाही. आज मुंबईत विकल्या जाणाऱ्या कपकेकांपैकी निराशा करणारे जे आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या क्रीममध्ये आहे. वर दोन इंच क्रीम आणि खाली दीड इंच केक, हे प्रमाण उलटं केलं तरी अर्धं दुखणं बरं होईल. काही बेकर्सनी ते केलंही आहे. अंड्याच्या पांढऱ्याचं आणि साखरेचं मेरँग करून त्यात लोणी फेटलेली स्विस बटरक्रीम त्यातल्या त्यात तग धरते. चॉकलेट गनाशचा पातळ थर तर उन्हाळ्यातही शहाण्यासारखा वागतो. चकचकीत गनाशवर जाड मिठाचे दोन कण टाकलेला साधा कपकेक समोर आला, तर करणाऱ्याला आपलं काम कळतं असं खुशाल मानावं.

दुसरा प्रश्न अंड्याचा. मुंबईत कपकेकची ऑर्डर घेणाऱ्याला पहिला प्रश्न चवीचा येत नाही, किमतीचाही नाही. "एगलेस आहे ना?" हा येतो. गुजराती, जैन, मारवाडी घरं, शिवाय सोमवार, गुरुवार, चतुर्थी पाळणारी मराठी घरं, आणि मुलांच्या पार्टीत कोण खातं कोण नाही याची खात्री नसलेले यजमान. वीस मुलांच्या वाढदिवसाला दोन प्रकारचे कपकेक ठेवून गोंधळ घालण्यापेक्षा सगळेच बिनअंड्याचे मागवलेले बरे, असा हिशेब असतो आणि तो चुकीचाही नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडची कितीतरी घरगुती स्वयंपाकघरं त्यामुळे पूर्णपणे बिनअंड्याची आहेत. अंडं घरात येतच नाही, ही तिथे जाहिरात असते.

बिनअंड्याचा कपकेक वाईटच असतो असं म्हणणारा खवय्या आळशी म्हणायला हवा. अंडं केकमध्ये तीन कामं करतं: हवा धरतं, पीठ बांधतं, ओलावा देतं. दही आणि सोडा एकत्र येऊन हवेचं काम करतात, कंडेन्स्ड मिल्क बांधणी आणि ओलावा दोन्ही सांभाळतं, थोडं व्हिनेगर घातलं की सोडा नीट पेटतो. या कसरतीत चॉकलेटचा कपकेक उत्तम उतरतो, कारण कोकोचा तिखट कडवटपणा सोड्याची चव झाकून टाकतो. व्हॅनिलाला लपायला जागा नसते. सोडा चिमूटभर जास्त झाला की साबणासारखा वास, दही जास्त झालं की आंबूस घट्टपणा, आणि फेटताना हात सैल सुटला की केक रबरी. म्हणून एखाद्या बेकरची पारख करायची असेल तर त्याच्याकडून रेड व्हेल्व्हेट किंवा ट्रिपल चॉकलेट मागवून उपयोग नाही. साधा व्हॅनिला मागवावा, वरची क्रीम चमच्यानं बाजूला सारावी आणि केक तेवढा खाऊन पाहावा. घरगुती बेकर्समध्ये या परीक्षेत टिकणारे हात आहेत, आणि ते बहुतेक वेळा मोठ्या नावांच्या काउंटरमागे नसून तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये सापडतात.

मुंबईचा कपकेक आज खऱ्या अर्थानं तिथेच आहे. दुकान काढायचं तर जागा, माणसं, फ्रीज, उरलेला माल. घरी करायचं तर एक ओटीजी, एक बीटर, सहा किंवा बारा खणांचे दोन ट्रे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात अरिफे ला मूल्दसारख्या दुकानांत साच्यांपासून नोझलपर्यंत आणि खाण्याच्या चांदीच्या गोळ्यांपासून कपकेकच्या खणांच्या खोक्यांपर्यंत सगळं मिळतं. शनिवारी दुपारी तिथल्या गल्लीत पिशव्या सावरत निघालेल्या बायका पाहिल्या, तर हा धंदा किती पसरलाय याचा अंदाज येतो. कायद्याचीही अडचण मोठी नाही. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवली. तरीही नोंदणी न करता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धंदा करणारे पुष्कळ असतात, हे उघड गुपित.

२०२०च्या टाळेबंदीनं या सगळ्याला जोर आला. दुकानं बंद, वाढदिवस मात्र चालूच. ज्यांनी मार्चमध्ये बनाना ब्रेडवर हात बसवला त्यांतल्या काहींनी दिवाळीपर्यंत दरपत्रक छापलं. त्याच वर्षी ल फिफ्टीनचं कुलाब्यातलं कॅफे बंद झालं. एकीकडे भाड्याच्या जागेतलं नावाजलेलं कॅफे चालवणं परवडेना आणि दुसरीकडे डोंबिवलीतल्या ओट्यावर बाराच्या बॅचेस निघत होत्या. बऱ्याच जणींनी पुढे नोकरी परत सुरू झाल्यावर हे सोडलं. ज्या टिकल्या त्यांनी मोठ्या केकच्या जोडीला कपकेक ठेवला, कारण तो शाळेत वाटायला सोपा, सुरी लागत नाही, प्लेट लागत नाही, आणि सहाच्या पटीत ऑर्डर घेतली की वाया काही जात नाही.

यांच्या हातून मुंबईच्या चवीही कपकेकमध्ये शिरल्या. सगळ्याच शिरायला हव्या होत्या असं नाही. रसमलाई कपकेक आता सर्रास मिळतो आणि बरा केला तर फारच छान लागतो: दूध, वेलची, केशर, वर पिस्त्याचे काप. मावा केकचा हा नातलगच, त्यामुळे जिभेला ओळख पटवून द्यावी लागत नाही. गुलाबजाम कपकेकमध्ये अख्खा गुलाबजाम पुरतात. पाक झिरपून तळाचा कागद ओला होतो आणि साखरेवर साखर बसते. मसाला पान कपकेक ज्यानं पहिल्यांदा केला त्यानं तो स्वतः पूर्ण खाल्ला होता का, याची चौकशी व्हायला हवी. हापूसचं म्हणाल तर तो एप्रिल-मेमध्येच मागवावा. एरवी मिळतो तो डबाबंद रस किंवा क्रश. मोसमातही ताज्या रसाचं पाणी क्रीममध्ये उतरतं, म्हणून जाणती बेकर रस आधी मंद आचेवर आटवून घेते आणि केकच्या मध्ये खळगा करून भरते, वर नाही. पुरणपोळी कपकेकचा प्रयोगही होळीच्या सुमारास दिसतो. त्यात जायफळ-वेलचीचा वास उतरतो, पुरण मात्र बारीक वाटलेलं नसेल तर डाळ दाताखाली येते.

परदेशी मूळ बेकरीही भारतात पोचली आहे. मॅग्नोलियानं २०१९ मध्ये बंगळुरूला पहिलं दुकान उघडलं. बंगळुरूची हवा पाहता निवड शहाणपणाची म्हणायची.

इराणी बेकऱ्यांपुढे दरम्यान वेगळंच प्रकरण उभं राहिलं. मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाची दखल घेत मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हळहळ सगळी पावासाठी झाली, आणि ब्रूनच्या कडक सालीच्या बाबतीत ती रास्तही आहे. मावा केकचं तितकं नुकसान होऊ नये. केक मुळात प्रखर आचेचा पदार्थ नाही. लाकडाच्या भट्टीतही तो पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर लावायची पद्धत. १७०-१८० अंशांवर स्थिर राहणारी गॅसची भट्टी त्याला मानवायला हरकत नाही. खर्चाचा प्रश्न निराळा. नवी भट्टी, नवी जोडणी, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीचा मालक, ज्याची मुलं बहुतेक परदेशात. भट्टी बदलायची की शटर ओढायचं, हा निर्णय धुरापेक्षा या हिशेबावर ठरतो.

तेव्हा मुंबईत कपकेक खायची हौस असलेल्यानं सकाळ आणि संध्याकाळ वेगळी ठेवावी. सकाळी धोबीतलाव, पानीकम चहा आणि मावा केक, दहाच्या आत. संध्याकाळसाठी घरगुती बेकर. तिला ऑर्डर देताना थीम, रंग, टॉपर यांवर अर्धा तास घालवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: क्रीम लोण्याची की खोक्यातली, अंडं आहे की नाही, आणि केक भाजणार कधी. पहिल्या दोन्हींची उत्तरं काहीही आली तरी मार्ग निघतो. क्रीम कमी घालायला सांगता येतं, अंड्याची तडजोड करता येते. तिसऱ्याचं उत्तर 'आदल्या रात्री' असं आलं, तर मुकाट्यानं चॉकलेटचा मागवावा. व्हॅनिलाचा हट्ट धरू नये.